पिल्लाला गाडीमागे पळवावं का?

‘कुत्र्याच्या मोठ्या अंगाच्या संकरित पिल्लाला लहानपणापासून दुचाकीमागे पळवा, हाडं मजबूत होतात,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हेतू चांगलाच असतो, पण घडतं उलट. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग, असते. मोठ्या कुत्र्यांत ती साधारण १२ ते १८ महिन्यांनी हाडात बदलते. तोवर तिला इजा लवकर होते. डांबरी रस्त्यावर पट्ट्याला बांधलेलं पिल्लू दमलं तरी थांबू शकत नाही. मातीत मोकळं खेळताना मात्र ते आपणहून बसतं. असा खेळ रोज हवाच. वाढ थांबल्याची खात्री करायची तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून समजून घ्या: वाढ चालू असेल तर हाडाच्या टोकाशी काळी रेघ दिसते. घरी बघायचं ते एवढंच, की झोपून उठताना पिल्लू लंगडतंय का? लंगडत असेल तर पळवणं लगेच थांबवा आणि त्याला दाखवून आणा. अंगातली रग जिरवायला खाऊ लपवून हुंगत शोधायला लावा.