पार्श्वभूमी : मुंबईतल्या सोळा वर्षांच्या मुलांची मतं घडतात कुठे?

दहावीचा निकाल लागतो, अकरावीच्या गुणवत्ता याद्या जाहीर होतात आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत ‘कॅटेगरी’ हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला जातो. तोवर वर्गात कुणाला कुणाची जात ठाऊक नव्हती, असं मुलं सांगतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही असतं. मग एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे वेगवेगळे कट-ऑफ समोर येतात आणि मैत्रीतला सूर बदलतो. ‘तुझं काय बाबा, तुझं काम झालंच असणार.’ बोलणाऱ्याला यात जातीचं काही बोललो असं वाटत नाही. ऐकणाऱ्याला दुसरं काही ऐकूच येत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे जात, पैसा, धर्म, रंग यांबद्दलची या वयाची मतं रोज कानावर पडतात. ‘आता जात कुठे राहिलीय?’, ‘आरक्षण द्यायचं तर गरिबीवर द्या’, ‘मला कुठल्याच धर्माचा राग नाही, पण त्यांच्या एरियात मी जात नाही.’ मुलं ही वाक्यं अगदी मनापासून, स्वतःची म्हणून बोलतात. पण ती त्यांच्या आधीची आहेत. या शहरात घरं कशी वाटली गेली, गिरणीत कुणाला कुठलं काम मिळालं, दंगलीनंतर कोण कुठे राहायला गेलं, या सगळ्यातून ती आली आहेत. हा इतिहास मुलांना कुणी सांगितलेला नाही. तो आधी आपल्याला माहीत असायला हवा.

सुरुवात घरापासून करू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करून नवे रस्ते आणि नव्या वसाहती आखण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचा आजचा आखीव-रेखीव भाग हे त्याचंच काम. या नव्या जमिनीवर पांढरपेशा वर्ग आला तो आपापल्या जातीसमूहासह. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही नावं आजही पाट्यांवर आहेत. त्याआधी गावदेवीत १९१५ मध्ये सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. देशातल्या अशा संस्थांमध्ये ती अगदी पहिल्यांपैकी. परक्या शहरात आलेल्या माणसाला आपल्या माणसांत राहावंसं वाटलं, भांडवलही ओळखीतूनच उभं राहिलं, यात नवल नाही. पण मुंबईतला सहकार जातीच्या पायावर उभा राहिला आणि ती वीट नंतर कुणी काढली नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला. आज दलाल भाडेकरूला ‘फॅमिली व्हेज आहे ना?’ असं विचारतो, तेव्हा हीच जुनी चाळणी नव्या नावाने चालू असते. अशा सोसायटीत वाढलेल्या मुलाला मासे तळल्याचा वास किळसवाणा वाटतो आणि ती त्याला आपली वैयक्तिक आवड वाटते. हे शहर मुळात कोळ्यांचं आहे, हे त्याने शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं तरीही.

कामगारांच्या वाट्याला चाळी आल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींच्या २०७ इमारती होत्या. एक खोली १६० चौरस फुटांची. चाळीचं कौतुक आपण मराठी माणसं फार करतो. सगळे सुखदुःखात एकत्र, दारं सताड उघडी. ते खोटं नाही. पण कुठल्या इमारतीत कोण राहतं हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असायचं. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींमध्ये दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली, तेव्हा दगड या इमारतीवरून त्या इमारतीवर गेले. उघड्या दारांच्या आठवणींमध्ये ही आठवण सहसा येत नाही.

आता गिरणीत जाऊ, कारण ‘मेरिट’ या शब्दामागचा इतिहास तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५० च्या दशकात ताडदेवला उभी केली. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, त्यात महार कामगारही मोठ्या संख्येने होते. पण साचेखात्यात, म्हणजे जिथे प्रत्यक्ष कापड विणलं जायचं तिथे, त्यांना प्रवेश नव्हता. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. त्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवायचा आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. तो धोटा पुढे दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार. त्यामुळे सवर्ण कामगारांचं म्हणणं असं, की अस्पृश्य माणूस साच्यावर आला तर आम्ही बाटू. कुठल्या मालकाने लिहून काढलेला हा नियम नव्हता. शेजारी काम करणाऱ्या कामगारांनीच तो पाळला आणि पाळायला लावला. सूतकताईच्या खात्यात मात्र दलितांना मज्जाव नव्हता. तिथे पगार कमी होता.

हा फरक लहान नाही. चांगला पगार साचेखात्यात होता, कसब तिथे होतं, आणि वशिल्याने मुलाला किंवा पुतण्याला चिकटवून घ्यायची सोयही तिथे होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर ठेवला : कामगारांची एकजूट म्हणता, मग साचेखातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? बाबासाहेब परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिले होते. ते हे ऐकीव माहितीवर बोलत नव्हते. ज्या आजोबांना साचेखातं मिळालं, त्यांच्या घरी दोन पैसे शिल्लक राहिले, मुलगा जास्त शिकला, नातू इंग्रजी शाळेत गेला. नातवाचे दहावीचे गुण त्याच्या स्वतःच्या कष्टाचे आहेत, ते कुणी नाकारू नये. पण त्या गुणांखाली आजोबांचा पगारही आहे. आरक्षणावर वाद घालणाऱ्या मुलांना मी धोट्याची ही गोष्ट सांगते. एरवी वर्ग गोंगाट करतो, इथे ऐकतो.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. जमिनीचं काय करायचं हे ठरवताना १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असं सूत्र होतं. २००१ च्या बदलाने हे सूत्र फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतं उरलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. लोअर परळच्या मॉलमध्ये शनिवारी फिरायला जाणाऱ्या मुलाला, इथे आपले आजोबा पाळी करायचे हे ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असते ती दुसऱ्याच्या बुटांची किंमत. कपडे, केस, इंग्रजीचा उच्चार यांवरून माणसाला खालचा ठरवणारे शब्द या वयात सर्रास वापरले जातात. ‘घाटी’ जुना, ‘छपरी’ नवा. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की मराठी मुलंच मराठी मुलांना घाटी म्हणतात.

शाळांनी ही दरी वाढवली. ज्याला परवडेल त्याने मूल इंग्रजी माध्यमात घातलं आणि पालिकेच्या मराठी शाळांत ज्यांना दुसरा मार्ग नाही तेवढेच उरले. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या. एका बाकावर वेगवेगळ्या घरांतली मुलं बसण्याची ती खरी संधी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाने रद्द केली ते फार बरं झालं, पण अशी सूट द्यावीशी वाटली हे विसरता येत नाही.

वंशभेदाबद्दल मात्र मुलं ठाम असतात. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला तेव्हा मुंबईतल्या शाळकरी मुलांनीही निषेध म्हणून मोबाइलवर काळे चौकोन टाकले. महाराष्ट्रात या सहानुभूतीला दीडशे वर्षांची परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत तरुण दलित लेखक-कार्यकर्त्यांनी दलित पँथर स्थापन केली, तिचं नावच अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं. म्हणजे अमेरिकेतला वर्णभेद आणि इथली जात या गोष्टी आपल्या थोरांनी नेहमी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. आजच्या मुलापर्यंत त्यातली अर्धीच गोष्ट पोचते. तो काळा चौकोन टाकतो आणि त्याच दिवशी ईशान्येकडच्या वर्गमित्राला डोळ्यांवरून चिडवतो, नालासोपाऱ्यातल्या आफ्रिकी माणसाला पाहून लोकलचा डबा बदलतो. घरात मुलीच्या रंगाची काळजी असतेच. १९७५ पासून विकल्या गेलेल्या गोरेपणाच्या क्रीमने त्याच २०२० सालात नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं. लग्नाच्या जाहिरातींतून ‘गोरी’ काही गेली नाही.

धर्माबद्दलची मतं अधिक अबोल असतात, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. एके काळी मोहरमच्या ताबुतांत हिंदूही सामील होत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली आणि त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. उत्सव वेगळे झाले, मिरवणुका वेगळ्या झाल्या. गणेशोत्सवाच्या आतही सगळे आत नव्हते : १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणपतीच्या पूजेचा हक्क अस्पृश्यांनाही हवा, यावरून मोठा वाद झाला, आणि प्रबोधनकार ठाकरे व आंबेडकर तेव्हा एका बाजूला होते. १९२९ च्या फेब्रुवारीत शहर पेटलं ते पठाण मुलं पळवतात या अफवेवरून. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकरी गोसाव्यांना जमावाने मारलं, तेव्हाही अफवा मुलं पळवण्याचीच होती, फक्त मोबाइलवरून फिरलेली.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं गेली. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची ओळखच पटली नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. पुढच्या काही वर्षांत मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला, मीरा रोडच्या नया नगरला, जोगेश्वरी-कुर्ल्याच्या ठरावीक भागांत गेली आणि हिंदू कुटुंबं मिश्र वस्त्यांतून निघाली. माझ्या वर्गातली मुलं या सगळ्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी जन्मली. दंगल त्यांनी पाहिली नाही, पण दंगलीने आखलेल्या नकाशातच ती वाढली. ६ डिसेंबर हा दिवस घ्या. एकीच्या घरचे पहाटे चैत्यभूमीला जातात आणि येताना पुस्तकांची पिशवी आणतात. दुसरीला आई सांगते, आज दादरला उतरू नकोस, फार गर्दी असते. मुंब्र्याहून येणाऱ्या तिसरीला घरचे त्या दिवशी कॉलेजला पाठवत नाहीत, कारण बाबरी पडली ती याच तारखेला. तिघी एका बाकावर बसतात आणि एकमेकींच्या घरातलं हे तिघींनाही माहीत नसतं.

दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी आणि सामाजिक कार्यकर्ते यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, पोलीस आणि वस्तीतली माणसं एकत्र बसू लागली, पोरांचे क्रिकेटचे सामने झाले. ते काम खरं होतं. मी पाहते, की मुलांना एकत्र बसायला मिळालं तर ती विचारतात. रोज्यात पाणीसुद्धा चालत नाही का, तुमच्यात अकरा दिवस का बसतो गणपती, तुम्ही आडनाव का लावत नाही. प्रश्न कधी अडाणी असतात, पण तोंडावर विचारलेले असतात, पाठीमागे बोललेले नसतात.

मुंबईत वेगवेगळ्या पत्त्यांची मुलं पहिल्यांदा एकत्र येतात ती अकरावीत, आणि नेमका तोच वर्ग आता ओस पडतो आहे. कोचिंग क्लास आणि कॉलेज यांचं साटंलोटं, म्हणजे ‘इंटिग्रेटेड’ पद्धत, सुरू झाल्यापासून प्रवेश कॉलेजात आणि बसणं क्लासमध्ये. तिथे भरमसाट फी भरू शकणारीच मुलं भेटतात. २०१८ मध्ये राज्य सरकारने मुंबईसह काही विभागांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. आमच्याकडे प्रात्यक्षिकांचे दिवस सोडले तर अर्धे बाक आजही रिकामे असतात.