थरांमधल्या चुंबकत्वाचा वाद आणि हिऱ्याचा सेन्सर : पार्श्वभूमी

एप्रिल 2023 मध्ये केंद्राने 6,003.65 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. पुढे सेन्सिंगचे, म्हणजे क्वांटम गुणधर्म वापरून बारीक मोजमाप करण्याचे, केंद्र मुंबईला गेले, कॉम्प्युटिंगचे बंगळुरूला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बी.एस्सी. झालेली मुले याच दोन दिशांना पांगतात. कॉम्प्युटिंगचा गाजावाजा पुष्कळ होतो. सेन्सिंगने मात्र अणुभर जाडीच्या थरांतल्या चुंबकत्वाचा एक अडलेला प्रश्न खरोखर सोडवला आहे, म्हणून त्याची हकिगत.

सपाट, अणुभर जाडीच्या थरात चुंबकत्व टिकणार नाही, असे 1966 च्या एका प्रमेयामुळे बहुतेक जण धरून चालले होते. पण ते प्रमेय स्पिनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकाला, सगळ्या दिशा सारख्या असतील तेव्हाच लागू पडते. क्रोमियम आयोडाइड या थराथरांच्या स्फटिकात स्पिन थराला लंब उभे राहणेच पसंत करतात. 2017 मध्ये त्याचा एकेरी थर 45 केल्विनपर्यंत (सुमारे उणे 228 अंश सेल्सिअस) चुंबक राहतो हे दिसले, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

जाड स्फटिकात सगळ्या थरांचे चुंबकत्व एकाच दिशेने. दोन थर सुटे काढले की मात्र एक वर, एक खाली, बेरीज शून्य. पदार्थ तोच, मग वागणूक वेगळी का? 2017 चे पुरावे परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर उभे होते. चुंबकत्व आहे हे त्यातून कळे, नेमके किती ते थेट मोजता येत नसे. माझ्या मते वाद लांबला तो यामुळेच.

थेट मोजण्याची सोय हिऱ्याने केली. हिऱ्यात कार्बनच्या एका जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी असेल, तर हिरव्या लेसरखाली तो दोष तांबडा प्रकाश देतो. 2.87 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला हा उजेड मंदावतो. दोषाच्या अक्षावर एक मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र आले की ही वारंवारता 28 मेगाहर्ट्झने सरकते, आणि त्यावरून क्षेत्र मोजता येते. असा एकच दोष हिऱ्याच्या टोकावर ठेवून 2019 मध्ये नमुन्याच्या अगदी जवळून फिरवला गेला. एकेरी थरात दर चौरस नॅनोमीटरला सुमारे 16 बोर मॅग्नेटॉन (एका इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाएवढे एकक) भरले. थरांची संख्या विषम असेल तर जवळपास तेवढेच, सम असेल तर शून्य.

त्याच प्रयोगात एका नमुन्याला भोक पडले, आणि तिथे थरांची दिशा एक झाली. म्हणजे कळ रचनेत होती. जाड स्फटिक थंड होताना थर एकमेकांवर किंचित सरकून नव्या रचनेत बसतात. पातळ तुकड्यात ते जुन्याच रचनेत अडकून राहतात, भोक पडल्यावर मोकळे होतात. थर नुसते मोजून भागत नाही, ते एकमेकांवर कसे बसलेत हे पाहावे लागते, ही गोष्ट इथे पक्की झाली. 2021 मध्ये थर मुद्दाम किंचित पिळून रचले, तेव्हा एकाच तुकड्यात एकाच दिशेचे आणि उलटसुलट दिशेचे, असे दोन्ही प्रकारचे पट्टे शेजारी-शेजारी सापडले, तेही हिऱ्याच्याच सेन्सरने.

त्याआधी, 2020 मध्ये, बोरॉन नायट्राइडमधल्या बोरॉनच्या रिकाम्या जागाही अशाच वाचता येतात हे सिद्ध झाले होते. हवेला न टिकणाऱ्या क्रोमियम आयोडाइडवर संरक्षणासाठी बोरॉन नायट्राइडचेच पापुद्रे घालतात, त्यामुळे तेच आवरण आता सेन्सरचेही काम करू शकते.