शंभर सह्या म्हणजे क्लास ॲक्शन नव्हे

बिल्डरने ताबा लांबवला की खरेदीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, ‘आपण पन्नास जण आहोत, क्लास ॲक्शन टाकू.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. आधी डोकी मोजणं बंद करा. क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्या समदुःखी ग्राहकांच्या वतीने केलेली तक्रार, एकटा ग्राहकही करू शकतो, आणि पाचशे जणांनी मिळून केलेली तक्रार साधी संयुक्त तक्रारच राहू शकते.

ग्राहक आयोगातली नेहमीची तक्रार ठाऊक असेलच: पैसे मोजले, सेवेत खोट निघाली, दोन वर्षांच्या आत दाद मागितली. संयुक्त तक्रार म्हणजे हेच, फक्त तक्रारदार अनेक.

प्रातिनिधिक तक्रार, म्हणजे खरी क्लास ॲक्शन, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) खाली होते. तिला आयोगाची परवानगी लागते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १, नियम ८, म्हणजे एकाने अनेकांच्या वतीने दावा चालवण्याचा नियम, लागू होतो. समान हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला नोटीस द्यावी लागते. माणसं फार असली तर जाहीर नोटीस. खर्च तक्रारदाराचा.

लोक अडखळतात ते एकाच ठिकाणी: ज्याचं नाव तक्रारीत नाही, त्याचं काय? संयुक्त तक्रारीत काहीच नाही. शेजाऱ्यांनी केस जिंकली म्हणून तुमच्या खात्यात दमडी येणार नाही, आणि त्यांच्या निकालाची वाट बघत बसलात तर तुमची दोन वर्षांची मुदत सरत राहते. प्रातिनिधिक तक्रारीत उलट. तिथे निकाल घरी बसलेल्यालाही बांधतो, आणि केस हरली तरी बांधतो! म्हणून तर नोटिशीचा एवढा सोपस्कार. ‘कुणीतरी केलीय ना केस’ म्हणून निश्चिंत झालेल्यांनी ती नेमकी कुठली, एवढं तरी विचारावं.

२०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण बघा. बंगळुरूच्या एका प्रकल्पात सुमारे ११३४ सदनिका. त्यांतल्या ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार एकत्र आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने प्रातिनिधिक तक्रारीची परवानगी दिली होती. न्यायालयाने ती मानली नाही, कारण उरलेल्या मालकांचं हित यांच्याशी समान कसं, याचा तपशील तक्रारीतच नव्हता. पण तक्रार फेटाळलीही नाही. संयुक्त तक्रार म्हणून चालवायला मुभा दिली.

समान हित म्हणजे प्रत्येकाचा आकडा सारखा असं नाही. सगळ्यांची गाऱ्हाणी एकाच मुळातून आलेली आणि मागणी एकाच जातीची हवी. बिल्डरने सगळ्यांकडून एकाच बेकायदा शीर्षाखाली पैसे उकळले असतील, तर प्रातिनिधिक तक्रार शोभते. ताब्याच्या उशिरात मात्र कुणाला पैसे परत हवेत, कुणाला घरच हवंय, कुणाच्या करारात तारीख वेगळी. तिथे मी संयुक्त तक्रारच सुचवेन. क्लास ॲक्शनचा रुबाब मिरवायला जाऊन परवानगीच्या वादात वर्षं घालवण्यात काय हशील?

जाता जाता: पगार थकला म्हणून मालकाविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ नका. वैयक्तिक सेवेचा करार, म्हणजे नोकरी, ग्राहक कायद्यातल्या ‘सेवे’त मोडत नाही. तुमची जागा कामगार कायद्याखाली. मालक-कामगार वाद मिटवणाऱ्या सरकारी सलोखा अधिकाऱ्यापुढच्या कार्यवाहीत झालेला करार तिथे युनियनचे सभासद नसलेल्या कामगारांनाही बांधतो, म्हणजे घरी बसलेल्याचा प्रश्न तिथेही आहेच.

आणि ग्राहक तक्रारीत पुढाकार घेणाराच फितूर झाला तर? संयुक्त तक्रारीत जो तो आपल्यापुरती तडजोड करून निघून जाऊ शकतो. प्रातिनिधिक तक्रारीत सगळ्या संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय तक्रार मागेही घेता येत नाही आणि तडजोडही करता येत नाही. तक्रारदार ढिलाई करत असेल तर त्याच गटातल्या दुसऱ्याला त्याच्या जागी आणता येतं.