टिंबाच्या उजवीकडचा हिशोब

कापूस काट्यावर गेला की पावतीवर वजनं अशी येतात, पहिली खेप ४.५ क्विंटल, दुसरी ३.०८, तिसरी २.६५. यांची बेरीज करायला सांगितली की चांगलं दहावी पास पोट्टंही सगळे आकडे उजव्या कडेला चिकटवून मांडते, कारण पूर्णांकात तसंच चालते न. इथं दशांशाच्या टिंबाखाली टिंब पाहिजे, बस. ४.५ चं ४.५० करून घ्या, शेवटी शून्य लावल्यानं वजन काही वाढत नाही, आणि मग बेरीज येते १०.२३ क्विंटल. वजाबाकीलाही हेच, भरल्या गाडीच्या वजनातून रिकामी गाडी अशीच काढायची.

शेवटचं शून्य फुकटचं आहे पण मधलं शून्य लय महाग पडते. ३ क्विंटल ८ किलो म्हणजे ३.०८, ते घाईत कोणी ३.८ लिहिलं की झाले ३ क्विंटल ८० किलो. फरक ७२ किलोचा, आणि भाव ७,००० धरला तर ५,०४० रुपयांचा! टिंबानंतरचं पहिलं घर दहाव्या भागाचं, दुसरं शंभराव्या भागाचं, आणि क्विंटलमध्ये किलो १०० म्हणून किलोला दोन घरं द्यावीच लागतात.

गुणाकारात टिंबाखाली टिंब वगैरे काही नाही. टिंब विसरा, १०२३ ला ७,००० नं गुणा, ७१,६१,००० येते, मग दोन घरं मागं या, ७१,६१० रुपये. शाळेत हे नुसतं पाठ करून घेतात, पण कारण सोपं आहे, १०.२३ क्विंटल म्हणजे १,०२३ किलो, आणि क्विंटलला ७,००० म्हणजे किलोला ७०. १,०२३ गुणिले ७०, तेच उत्तर.

भागाकाराला लोक उगाच घाबरतात. समजा फवारणीच्या औषधाच्या लेबलवर लिटर पाण्याला २.५ मिली लिहिलं आहे, पंप १५ लिटरचा, तर एका पंपाला ३७.५ मिली. २५० मिलीच्या बाटलीत किती पंप होतील? २५० भागिले ३७.५, दोन्हीकडं दहानं गुणा म्हणजे २,५०० भागिले ३७५, टिंब गेलं आणि उत्तर तेच राहिलं, ६.६६ च्या वर. सहा पंप पूर्ण, बाटलीत २५ मिली उरते, ते सातव्या पंपात टाकलं तर पाणी १० लिटरच घ्यायचं.

आता खरी गंमत. सगळंच टिंब दशांशाचं नसते. दशांशाची ही पद्धत युरोपात १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन नावाच्या गणितज्ञानं छोट्या पुस्तिकेतून लोकांपुढं मांडली, आणि तेव्हाच सांगून ठेवलं की नाणी अन् मापंही दहाच्या पटीत करा. आपल्याकडं रुपयाचे १०० पैसे झाले १ एप्रिल १९५७ ला, त्याआधी १६ आणे अन् ६४ पैसे, म्हणजे हिशोबात टिंब कामाचंच नव्हतं. सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर दशांशात बसते, १.६२ म्हणजे १ हेक्टर ६२ आर, २.४७१ नं गुणलं की झाले साधारण ४ एकर. पण बोलण्यात एकर-गुंठे असतात आणि कागदावर २ एकर ३५ गुंठे लिहितात २.३५! त्यात दुसऱ्या वावराचे १.१५ मिळवले की मोबाईल म्हणते ३.५०, आता हे साडेतीन एकर म्हणून वाटणी केली तर भावाभावात भांडणच. गुंठे ५० झाले, ४० चा एक एकर, म्हणजे ४ एकर १० गुंठे, खऱ्या दशांशात ४.२५ एकर. पाऊण एकर असाच गायब.

क्रिकेटमध्येही तेच आहे, १८.४ ओव्हर म्हणजे १८ ओव्हर अन् ४ बॉल, दशांशात १८.६७. त्यात १५० रन झाले तर रनरेट ८.०४ येते, पण कॅल्क्युलेटरमध्ये सरळ १८.४ टाकणारे पोट्टे ८.१५ सांगून मोकळे होतात.