मिहना

मिहना : अब्बासी खिलाफतीत इ. स. ८३३ पासून सुमारे पंधरा-सोळा वर्षे काझी, हदीसवेत्ते (पैगंबराच्या वचनांचे जाणकार) आणि न्यायालयातील साक्षीदार यांच्या श्रद्धेची सरकारी हुकमाने झालेली तपासणी. या अरबी शब्दाचा अर्थ कसोटी. प्रश्न एकच असे : कुराण निर्मिलेले आहे की अनादि? वेद अपौरुषेय की ईश्वरकृत, हा मीमांसक-नैयायिकांचा वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाचे वजन वेगळे सांगायला नको. बगदादमध्ये मात्र उत्तरावर माणसाचे पद, प्रसंगी प्राणही अवलंबून होता.

कुराण निर्मिलेले आहे, असे मुतझिली या तर्कप्रधान इस्लामी पंथाचे पंडित म्हणत. ईश्वराखेरीज दुसरे काही अनादि मानले, तर त्याच्या एकत्वालाच बाध येतो, हा त्यांचा मुद्दा. खलिफा अल-मामून याने ८२७ मध्ये हे मत जाहीरपणे स्वीकारले. ८३३ मध्ये बायझंटाइन मोहिमेवर असताना त्याने बगदादचा अधिकारी इसहाक इब्न इब्राहीम याला पत्रे पाठवून तपासणी सुरू करवली. धर्माचे रक्षण हे इमामाचे, म्हणजे खलिफाचे, कर्तव्य आहे असे तो त्यांत बजावतो. सिद्धांत कुणी ठरवायचा, खलिफाने की विद्वानांनी, हाच खरा झगडा होता हे ती पत्रे वाचताना स्पष्ट दिसते. हत्यार मात्र कायद्याचे होते : जो हे मत मान्य करणार नाही त्याची साक्ष काझीने ग्राह्य धरायची नाही.

त्या चौकशीची प्रश्नोत्तरे इतिहासकार अत-तबरी याने जपून ठेवली आहेत, आणि ती आजही अस्वस्थ करतात. वृद्ध काझी बिश्र इब्न अल-वलीद ‘कुराण हे ईश्वराचे वचन आहे’ एवढेच पुन्हापुन्हा सांगतो. इब्न अल-बक्का नावाचा विद्वान म्हणतो, कुराण ‘मजऊल’ (केलेले) आहे, कारण तसा शब्द कुराणातच आहे. मजऊल म्हणजेच मखलूक (निर्मिलेले) ना? हो. मग कुराण मखलूक? तसे मी म्हणणार नाही, मजऊल म्हणेन. जीव आणि श्रद्धा दोन्ही वाचवण्याची ती धडपड आहे.

अखेर चौघेच अडून राहिले. बेड्या पडल्यावर त्यांतले दोघे नमले. उरले अहमद इब्न हनबल आणि मुहम्मद इब्न नूह. दोघांना साखळदंडात खलिफाकडे धाडले, पण ते वाटेत असतानाच मामून वारला. परतीच्या प्रवासात इब्न नूहही गेला. पुढचा खलिफा अल-मुतसिम याच्यासमोर इब्न हनबलला चाबकाचे फटके बसले. ईश्वराच्या ग्रंथातून किंवा पैगंबराच्या सुन्नेतून (आचार-वचनांच्या परंपरेतून) आधार दाखवा, ही त्याची मागणी कायम होती. मुख्य काझी इब्न अबी दुआद याचा या साऱ्या काळात दरबारी दबदबा होता.

त्यानंतरचा खलिफा अल-वासिक याच्या राजवटीत छळ वाढला. धर्मशास्त्रज्ञ इमाम शाफईंचा शिष्य अल-बुवैती याला इजिप्तहून आणले; तो बगदादच्या तुरुंगातच वारला. (कोकणातले मुसलमान बहुतांशी याच शाफई परंपरेतले.) ८४५ मध्ये बायझंटाइनांशी कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा सुटून येणाऱ्या मुसलमानांनाही आधी हाच प्रश्न विचारला गेला. बंडाचा कट रचल्याच्या प्रकरणात पकडलेल्या अहमद इब्न नस्र याला खलिफाने विचारले तेही कुराणाबद्दलच, आणि ८४६ मध्ये त्याचे शिर बगदादमध्ये टांगले गेले.

८४७ मध्ये गादीवर आलेल्या अल-मुतवक्किलने हा वाद थांबवण्याचा हुकूम काढला आणि पुढे इब्न अबी दुआदच्या घराण्याला पदच्युत केले. नंतर धर्मपंडित अल-अशअरी (मृत्यू सु. ९३५) याच्या परंपरेने तोड काढली : ईश्वराचे अंतर्वचन अनादि, उच्चार आणि अक्षरे निर्मिलेली. अकराव्या शतकात खलिफा अल-कादिर याच्या नावाने ओळखला जाणारा श्रद्धालेख दरबारात वाचला गेला. कुराणाला निर्मिलेले म्हणणारा काफिर, असे त्यात होते, आणि त्यावर सह्या उलेमांच्या, म्हणजे धर्मविद्वानांच्या, होत्या.