डोळ्याच्या सोनोग्राफीतले पांढरे ठिपके: रक्त की पू?

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात डोळ्याला छेद देणाऱ्या जखमांची कारणे सहसा ओळखीची असतात: बाभळीचा काटा, कुंपणाची तार, पाचटातली टोकदार काडी, नाहीतर छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली लोखंडाची कपची. यातली शेवटची फार फसवी असते. ठोकून ठोकून छिन्नीचे डोके पसरते, त्या पसरलेल्या कडेचा कण तुटून इतक्या वेगाने डोळ्यात शिरतो की बाहेर टाचणीच्या टोकाएवढीच जखम दिसते, आणि माणूस डोळा धुऊन पुन्हा कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी नजर अंधारली की मिरज किंवा कराड गाठले जाते. पण तोवर बुबुळावर सूज आलेली असते किंवा भिंग पांढरे पडलेले असते आणि डॉक्टरांना आतला पडदा दिसत नाही. अशा वेळी बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करावी लागते.

निरोगी डोळ्यातली जेली या तपासणीत जवळजवळ काळी दिसते. दुखापतीनंतर तिथे पांढरे ठिपके तरंगताना दिसले, तर ते रक्ताचे असू शकतात किंवा डोळ्याच्या आत झालेल्या जंतुसंसर्गाचे, म्हणजे एंडोफ्थाल्मायटिसचे. यंत्राला रंग कळत नाही, परतणाऱ्या ध्वनिलहरीचा जोर तेवढा कळतो. त्यामुळे रक्तपेशी आणि पुवाच्या पेशी यंत्राच्या पडद्यावर सारख्याच उमटतात. गोंधळ होतो तो इथेच, आणि एका स्थिर चित्रावरून निदान लिहून देणे मला धोक्याचे वाटते.

ताज्या रक्तस्रावाचे ठिपके बारीक, फिके आणि मोकळे असतात. रुग्णाला डावीकडे-उजवीकडे बघायला सांगितले की ते सहज हलतात, यंत्राचा गेन, म्हणजे परतलेली लहर किती वाढवून दाखवायची ते प्रमाण, कमी केला की विरून जातात, आणि काही वेळाने रक्त खाली बसून तिथे एक थर दिसू लागतो. संसर्गातही सुरुवातीला असेच ठिपके असतात. मात्र पू दाट होत गेला की त्यांचे पुंजके आणि जाळ्या बनतात व त्यांची हालचाल मंदावते. तरीही जुन्या, गोठलेल्या रक्तातही जाळ्या होतात, म्हणून केवळ ठिपक्यांकडे पाहून भागत नाही. खरी नजर त्यांच्या मागे, डोळ्याच्या भिंतीवर ठेवावी लागते. पडद्यामागचा कोरॉइडचा थर जाड झालेला असेल, तर संसर्गाची शंका बळावते. साध्या रक्तस्रावात तो सहसा फुगत नाही. इथेही एक अडचण आहे. जखमेतून पाणी गळून डोळा मऊ पडला, तरी कोरॉइड सुजतो. म्हणून दुसऱ्या डोळ्याचीही सोनोग्राफी करून तुलना करावी.

उरलेला फरक काळ सांगतो. रक्तस्राव बहुधा मार लागल्याक्षणी होतो, नजर तेव्हाच जाते आणि पुढे वेदना हळूहळू ओसरते. संसर्गात उलट होते: वेदना वाढत जाते, पापणी सुजते, बुबुळामागे पुवाची पांढरी पातळी साचते. मातीने माखलेल्या जखमेतून बॅसिलस जातीचे जंतू आत गेले, तर डोळा 24 ते 48 तासांत निकामी होऊ शकतो. काडी-काट्यातून आलेली बुरशी मात्र अनेक दिवस, कधी आठवडे, दबा धरून राहते. शिवाय रक्त आणि पू एकाच डोळ्यात असू शकतात, त्यामुळे रक्त दिसले म्हणून संसर्ग नाही, असे कुणीही मानू नये.

तपासणीचा हात हलकाच हवा. जखम उघडी असताना प्रोब, म्हणजे यंत्राचा डोळ्यावर टेकवायचा भाग, दाबला, तर आतला भाग बाहेर येऊ शकतो; म्हणून बंद पापणीवर भरपूर जेल लावून प्रोब नुसता टेकवतात, किंवा आधी टाके घालून मग सोनोग्राफी करतात. लोखंडाचा कण आत असेल तर तो गेन कमी केल्यावरही लखलखीत दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. तशी शंका असताना सीटी स्कॅन करावा; एमआरआय करू नये, कारण चुंबकामुळे तो कण आत सरकू शकतो.

रक्त की पू हे ठरत नसेल, तर उपचार संसर्गाचा समजून सुरू करावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण रक्तस्रावाच्या उपचारांना काही दिवसांचा उशीर चालतो, संसर्गाच्या उपचारांना चालत नाही. जेलीचा नमुना तपासणीला घेऊन 1 मिलिग्रॅम व्हॅन्कोमायसिन आणि 2.25 मिलिग्रॅम सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविके, प्रत्येकी 0.1 मिलिलिटरमध्ये, इंजेक्शनने डोळ्याच्या आत देण्याची पद्धत रूढ आहे. त्यानंतर सोनोग्राफी पुन्हा करतात, तेव्हा ठिपके लगेच कमी होतील अशी अपेक्षा नसते. कोरॉइडची जाडी उतरते आहे का, पडदा जागेवर आहे का, हे पाहायचे असते. इंजेक्शनसोबत आत गेलेला हवेचा बुडबुडाही या चित्रात चमकतो. तो लोखंडाचा कण समजला जाऊ नये, म्हणून इंजेक्शन केव्हा दिले ते सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर लिहून पाठवावे.