दहावीनंतरचे मार्गदर्शन आणि अकरावीचा प्रवेश : पार्श्वभूमी

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होऊ लागले. त्याआधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती वगळता बाकीच्या राज्यात महाविद्यालयाच्या खिडकीवर अर्ज देऊन प्रवेश मिळत असे. या बदलावर झालेली चर्चा मुख्यतः संकेतस्थळ, फेऱ्या आणि रिक्त जागा यांच्याभोवती फिरली. विद्यार्थ्याने कोणती शाखा घ्यावी, किंबहुना त्याने अकरावीलाच जावे की तंत्रनिकेतनाकडे वा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे वळावे, हे ठरवायला त्याला कोण मदत करते, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. तो असा मागे का पडला, हे समजून घेण्यासाठी मागील काही दशकांकडे, आणि विशेषतः २००८ ते २०१० या तीन वर्षांकडे, पाहावे लागते.

शालेय मार्गदर्शनाची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस करताना शाळांमध्ये प्रशिक्षित मार्गदर्शक असावेत, असेही सुचवले होते. १९५४ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. पुढे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानून ते प्राथमिक स्तरापासून सुरू व्हावे, असे म्हटले आणि निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी अगदी माफक मांडणी केली. देशाची आर्थिक ताकद लक्षात घेऊनच ती केलेली होती. तरीही साठ वर्षांनंतर ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांना असा समुपदेशक मिळालेला नाही, आणि वर्गशिक्षकच आपल्या माहितीप्रमाणे मुलांना सल्ला देत आले आहेत.

त्याच आयोगाच्या शिफारशींतून आलेला १०+२+३ हा आकृतिबंध मात्र महाराष्ट्राने नेटाने राबवला. नव्या रचनेतील दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. या रचनेने शाखा निवडण्याचा क्षण पंधरा-सोळाव्या वर्षावर आणि तोही निकालानंतरच्या काही आठवड्यांवर आणून ठेवला. +२ च्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, टप्प्यावर मोठ्या संख्येने मुले व्यवसाय शिक्षणाकडे वळतील, हे गृहीतक त्यामागे होते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय अभ्यासक्रमांकडे नेण्याचे लक्ष्य ठेवले. त्यातून राज्यात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम रुजवण्याचे प्रयत्न झाले. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी द्विलक्षी विषयांचीही, म्हणजे दुसऱ्या भाषेऐवजी घेता येणाऱ्या कौशल्य विषयांची, सोय होती. लक्ष्य गाठले गेले नाही. दुसरीकडे १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यावर विज्ञान शाखेचे आकर्षण वाढतच गेले. कोणतीही अडचण नसलेल्या, चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाने विज्ञानच घ्यायचे, हा समज या दोन दशकांत घट्ट झाला. त्यामुळे द्विलक्षी विषयसुद्धा कौशल्यासाठी न घेतले जाता, बारावीत सोपे गुण आणि दुसऱ्या भाषेपासून सुटका म्हणून घेतले जाऊ लागले.

या सगळ्या काळात अकरावीच्या प्रवेशाकडे राज्यपातळीवरील प्रश्न म्हणून कोणी पाहत नव्हते. ते चित्र नव्वदीच्या दशकानंतर बदलले. मुंबई, ठाणे आणि पुण्यात केंद्रीय (सीबीएसई) तसेच आयसीएसई मंडळाच्या शाळांची संख्या वाढली. त्या शाळांमधील मुलांनाही अकरावीला राज्य मंडळाच्या त्याच नामवंत कनिष्ठ महाविद्यालयांत यायचे होते. मुंबईतील मागणी असलेली अनेक महाविद्यालये अल्पसंख्याक संस्थांची असल्याने तेथे निम्म्या जागा त्या त्या समाजासाठी राखीव असतात. त्यातून संस्थांतर्गत (संस्थेच्या स्वतःच्या शाळांतील मुलांसाठीच्या) आणि व्यवस्थापन कोट्याच्या जागा वजा केल्या, की खुल्या गुणवत्तेसाठी उरणाऱ्या जागा इतक्या थोड्या होत की प्रवेश टक्क्याच्या दशांशावर, काही वेळा शतांशावर ठरे. शहरात एकूण जागांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो पालकांच्या मनात असलेल्या वीस-पंचवीस महाविद्यालयांतील जागांचा. पुढील सर्व वादांचे मूळ येथे आहे, आणि ही गोष्ट त्या वादांत फारशी स्पष्टपणे बोलली गेली नाही.

२००८ मध्ये राज्य सरकारने पर्सेंटाइल पद्धत आणली. वेगवेगळ्या मंडळांच्या प्रश्नपत्रिका व मूल्यमापन वेगळे असल्याने त्यांच्या टक्केवारीची थेट तुलना अन्यायकारक ठरते, म्हणून विद्यार्थ्याचे गुण अव्वल विद्यार्थ्यांच्या सरासरीशी ताडून पाहावेत, असा तिचा आशय होता. तत्त्व म्हणून त्यात चूक काढणे कठीण आहे, कारण स्वतंत्र परीक्षांचे गुण एका मापात आणण्यासाठी कोणती तरी सांख्यिकी रीत वापरावीच लागते. परंतु निवडलेली रीत घाईत ठरवलेली होती आणि ती बिगर-राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे गुण खाली आणण्यासाठीच आहे, अशी पालकांची धारणा झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे ती पद्धत रद्द झाली. त्या वर्षीचे प्रवेश लांबले आणि हजारो मुलांचे अकरावीचे वर्ग उशिरा सुरू झाले.

२००९ च्या जूनमध्ये, निकालाच्या तोंडावर, सरकारने त्याहून सरळ मार्ग धरला. अकरावीच्या ९० टक्के जागा राज्य मंडळातून दहावी झालेल्यांसाठी आणि १० टक्के इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांसाठी, असे सूत्र जाहीर झाले. सरकारचे म्हणणे असे होते की राज्य मंडळाची मुले अर्जदारांमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक असतात, म्हणून जागांची विभागणी त्याच प्रमाणात केली तर कोणावरही अन्याय होत नाही. हा युक्तिवाद ऐकायला साधा असला तरी नामवंत महाविद्यालयांपुरता तो खरा नव्हता, कारण त्या ठिकाणी येणाऱ्या अर्जांचे प्रमाण राज्याच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ वेगळे होते, आणि सूत्राचा खरा परिणाम नेमका तिथेच होणार होता. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये हा निर्णय समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केला. मंडळ कोणते यावरून गुणवत्ता ठरवता येत नाही, हा त्यामागचा मुद्दा होता.

कायद्याच्या कसोटीवर तो निकाल योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि ९०:१० च्या मागे असलेली अस्वस्थता खोटी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मराठी माध्यमाच्या, महापालिकेच्या आणि उपनगरांतील अनुदानित शाळांच्या मुलांना दक्षिण मुंबईतील महाविद्यालये दुरापास्त होत होती. त्यांच्याकडे शाखेविषयी सल्ला देणारे कोणी नव्हते, इंग्रजी माध्यमात अचानक जाण्याची भीती होती आणि शिकवणीची फी परवडत नव्हती. या मुलांना हवे होते ते मार्गदर्शन आणि जवळच्या महाविद्यालयाचा सुधारलेला दर्जा. सरकारने त्यांना जागांचे सूत्र दिले, आणि तेही टिकले नाही. त्याच वर्षी मुंबई महानगरात ऑनलाइन प्रवेश सुरू झाल्याने शासकीय यंत्रणेचे सगळे लक्ष अर्जाच्या तांत्रिक बाजूवर एकवटले.

२०१० मध्ये तिसरा उपाय आला, तो म्हणजे ‘बेस्ट फाइव्ह’. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची टक्केवारी सहाऐवजी सर्वाधिक गुण असलेल्या पाच विषयांवरून काढावी, म्हणजे इतर मंडळांशी बरोबरी साधेल, असा हा निर्णय होता. उच्च न्यायालयाने तोही रद्द केला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो उचलून धरला आणि आजही तीच पद्धत चालू आहे. तीन वर्षांतील तीन निर्णयांपैकी टिकला तो हा एकच. त्याचा परिणाम दूरगामी झाला. टक्केवारी वर सरकली, कट-ऑफही तितक्याच वर सरकल्या, आणि मुलांनी पाच विषयांत आपले बळ लावून सहावा विषय सोडून देण्याची सवय शाळांनी स्वतःच लावली. गणित नकोसे असलेला मुलगा दहावीला ते सोडून देऊन उत्तम टक्केवारी मिळवतो आणि त्या टक्केवारीच्या जोरावर विज्ञान शाखेत जातो, हे दृश्य त्यानंतर नेहमीचे झाले. गुणपत्रिकेतून विद्यार्थ्याचा कल थोडाफार दिसत असे, तोही या पद्धतीत पुसट झाला.

याच सुमारास केंद्रीय मंडळाने दहावीसाठी श्रेणी पद्धत आणली होती. तेथील सरासरी श्रेणीगुणांना ९.५ ने गुणून टक्केवारी काढली जात असे, आणि अकरावीच्या गुणवत्ता यादीत ती राज्य मंडळाच्या शतांशांपर्यंतच्या टक्केवारीशेजारी बसत असे. पुढे कला व क्रीडा प्रकारांतील प्रावीण्यासाठी सवलतीचे गुण वाढले. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि शास्त्रीय नृत्य-संगीताच्या परीक्षा मुलाचा ओढा कुठे आहे ते सांगू शकल्या असत्या, परंतु त्या टक्केवारीला जोडायच्या गुणांचे साधन ठरल्या. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकताच राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि शंभर टक्के गुण मिळवणाऱ्यांची संख्या १२५ वरून २० झाली. आपली मुले पुन्हा मागे पडली, अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून अंतर्गत गुण परत आले. २०२१ मध्ये महामारीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी १०० गुणांची सामाईक परीक्षा जाहीर झाली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारित असल्याने इतर मंडळांचे विद्यार्थी न्यायालयात गेले आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २००८ चा प्रश्न तेरा वर्षांनी जसाच्या तसा उभा राहिला होता.

मार्गदर्शनाच्या बाजूने या काळात एकच मोठा सरकारी प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०१६ पासून दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात येऊ लागली. कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे आहे, हे ती सांगत असे. दुर्गम भागातील लाखो मुलांना आपल्या आवडीबद्दल कोणी तरी औपचारिकपणे विचारण्याची ती पहिलीच वेळ होती आणि या उपक्रमाचे ते मोल कमी लेखता येणार नाही. मात्र अहवाल हातात देण्यापुरतीच व्यवस्था उभी राहिली. तो अहवाल पालकांसमोर बसून उलगडून सांगणारा माणूस शाळेत नव्हता, चाचणी दहावीच्या अखेरीस होत असल्याने विचाराला वेळ नव्हता, आणि ज्या मुलीचा कल ललित कलेकडे आला तिच्या तालुक्यात तो अभ्यासक्रमच नव्हता. पुढे चाचणीला अभिक्षमतेची जोड मिळाली, मोबाइल अॅपही आले, परंतु महामारीच्या काळात ती थांबली. २०२० मध्ये नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी करिअरविषयक पोर्टल सुरू झाले. त्यावर माहिती भरपूर होती, पण ती चाळायला स्मार्टफोन आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय शोधायचे याची कल्पना असावी लागते.

ही पोकळी शिकवणी वर्गांनी भरून काढली. मे-जूनमध्ये सभागृहांत होणारी मार्गदर्शन शिबिरे आणि गुणवंतांचे सत्कार यांच्या आयोजकांत शिकवणी वर्ग वाढत गेले आणि त्यांच्या व्यासपीठावरून नीट आणि जेईई हेच दोन रस्ते पुनःपुन्हा सांगितले गेले. महाविद्यालयात नावापुरता प्रवेश आणि शिक्षण मात्र वर्गात, अशा ‘टाय-अप’ ची पद्धत इतकी बोकाळली की २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीची सक्ती करावी लागली.

२०२५ मधील राज्यव्यापी प्रक्रिया या पार्श्वभूमीवर आली. मे महिन्यात नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि वेळापत्रक पुढे सरकले. अर्जाच्या दुसऱ्या भागात दहापर्यंत पसंतीक्रम द्यायचे होते आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. शहरातील पालकांना हे नियम आधीच्या वर्षांमुळे ठाऊक होते. ज्या तालुक्यात दोन-तीनच कनिष्ठ महाविद्यालये आहेत, तेथील पालकांना मात्र ते प्रथमच समजून घ्यावे लागले, आणि बऱ्याच ठिकाणी पसंतीक्रम सायबर कॅफेचालकाने किंवा महाविद्यालयाच्या प्रतिनिधीने भरून दिले. फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही राज्यात लाखो जागा रिकाम्या राहिल्या. तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश अजूनही वेगळ्या विभागांकडून, वेगळ्या अर्जाने आणि वेगळ्या वेळापत्रकाने होतात. त्यामुळे पदविकेला जाऊ इच्छिणारा विद्यार्थी खबरदारी म्हणून आधी अकरावीची जागा घेतो, पदविकेची यादी लागल्यावर ती सोडतो, आणि ती जागा ज्याला हवी होती तो तोवर दुसरीकडे शुल्क भरून बसलेला असतो.